अंगणातलं ट्रिम: यंदाच्या दिवाळीत नॉर्मन किल्ला कसा बांधाल

दिवाळीचा किल्ला म्हटलं की हात आधी डोंगर रचायला जातात. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वर माची, बालेकिल्ला, सिंहासन. ट्रिमचा किल्ला करायचा तर ही सवय पहिल्यांदा मोडावी लागते, कारण तिथे डोंगरच नाही. आयर्लंडच्या मीथ परगण्यात बॉइन नदीच्या काठी ट्रिम हे गाव आहे. त्याचं आयरिश नाव ‘बाले आहा त्रिम’, म्हणजे एल्डरच्या झाडांपाशी नदीचा उतार आहे ते गाव. पूल नसताना नदी जिथून पायी ओलांडता येते तो उतार, आणि त्या उतारावर नजर ठेवायला बसलेला हा किल्ला. सांगलीकरांना हे चटकन समजेल. आपला गणेशदुर्गही भुईकोटच आहे, त्यालाही खंदक आहे आणि कृष्णा हाकेच्या अंतरावर. सह्याद्रीत निम्मं काम कडा करतो. इथे ते सगळं भिंत, दरवाजा आणि पाण्यावर येतं, आणि प्रतिकृतीतही तेच दिसायला हवं.

आयर्लंडमधला हा सर्वांत मोठा नॉर्मन किल्ला. नॉर्मन म्हणजे मूळचे फ्रान्समधल्या नॉर्मंडीचे, तेव्हा इंग्लंडवर राज्य करणारे लोक. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री ११७१ मध्ये फौज घेऊन आयर्लंडला आला. तिथे आधीच पाय रोवलेला स्ट्राँगबो हा त्याचाच सरदार डोईजड होऊ नये म्हणून ११७२ मध्ये त्याने मीथचा मुलूख ह्यू द लेसी याला तोडून दिला. द लेसीने ट्रिमला आधी घाईघाईने गोल खंदक खणला आणि आत लाकडी मेढेकोट उभा केला. पुढच्याच वर्षी, ११७३ मध्ये, आयरिश राजा रोरी ओ’कॉनर चालून आला तेव्हा हा मेढेकोट जळाला. त्यानंतर तिथे दगड आला. बांधायचा क्रम हाच ठेवा: आधी मधला कोट, मग तटबंदी, मग नदीकाठचा दिवाणखाना. आधी तट करून मग आत हात घालून कोट रचायला गेलात तर तटाला कोपर लागून तो हमखास पडतो.

माप आणि सामान

मधला कोट म्हणजे इंग्रजीतला ‘कीप’. त्याच्या मधल्या चौकाची बाजू साधारण २० मीटर आहे. प्रतिकृतीत ती २५ सेंटिमीटर धरा, म्हणजे तिथले ८० सेंटिमीटर म्हणजे इथला १ सेंटिमीटर. हे प्रमाण आपल्या भट्टीच्या विटेकडे बघून ठरवलं आहे. साधारण २३ × १० × ७.५ सेंटिमीटरच्या दोन विटा शेजारी-शेजारी ठेवल्या की जवळपास चौरस होतो, आणि गिलावा चढल्यावर माप बरोबर बसतं. विटा घेताना मात्र पट्टी लावून बघा, भट्टीगणिक साचा बदलतो. जागा ८ फूट × ८ फूट हवी. खंदक आणि नदी धरून त्याहून कमी जागेत हा किल्ला कोंदटतो.

सामान असं. पूर्ण विटा १०, शिवाय दिवाणखान्यासाठी ४ आणि दरवाजासाठी १. फरशीच्या दुकानामागे शहाबादीचे तुकडे पडलेले असतात, त्यातले १५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब असे १८ ते २०. ७५ मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप अडीच फूट. मार्केट यार्डातली जुनी पोती २, फक्त हळदीची नकोत, त्यांचा पिवळेपणा ओल्या गिलाव्यातून वर येतो. सुतळीचं एक बंडल, आइस्क्रीमच्या काड्या, आगपेटीच्या काड्या, जाड काळं प्लॅस्टिक, गणपतीतून उरलेला किलोभर शाडू.

चिखल आदल्या रात्री भिजत घाला. चाळलेला नदीकाठचा पोयटा ३ घमेली, काळी माती १ घमेलं, गुऱ्हाळावरचं बारीक चिपाड अर्धं घमेलं. काळी माती चिकट म्हणून सगळा गिलावा तिचाच करायचा मोह होतो, पण ती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. ऑक्टोबरच्या उन्हात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसता पोयटा घेतला तर तो वाळून भुगा होऊन गळतो. चिपाड दोन्हींना धरून ठेवतं. सकाळी चिखल पायांनी तुडवा. मुठीत दाबल्यावर बोटांमधून बाहेर येईल पण थेंब गळणार नाही, असा झाला की तयार.

वसुबारसेच्या सात दिवस आधी सुरुवात करा. चार दिवस बांधकाम, दोन दिवस वाळवण, एक दिवस रंग. परतीचा पाऊस अजून रेंगाळत असतो, तेव्हा ताडपत्री हाताशी ठेवा आणि ती काठ्यांवर ताणा. थेट किल्ल्यावर टाकलेली ताडपत्री आतली वाफ धरते आणि गिलावा सुटतो.

वीस बाजूंचा कोट

ट्रिमच्या कोटाची खरी ओळख त्याचा आराखडा. मधे चौक आणि त्याच्या चारही भिंतींच्या मध्यावर एकेक चौकोनी बुरूज. वरून पाहिलं तर अधिक चिन्ह दिसतं. बाजू मोजा: प्रत्येक बुरुजाच्या तीन, अशा १२. बुरुजांच्या दोन्ही अंगांना मधल्या चौकाच्या भिंतीचे उरलेले तुकडे ८. एकूण २०. बघायला येणारी मुलं हे मोजतातच, म्हणून कोपरे गोल होऊ देऊ नका.

विटा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी वीट चिखलातलं पाणी क्षणात पिते, चिखल धरत नाही आणि वाळल्यावर गिलाव्याचा पापुद्रा आख्खा निघून येतो. भिजलेल्या दोन विटा शेजारी-शेजारी, त्यावर आडव्या दोन, त्यावर पुन्हा पहिल्यासारख्या दोन. तीन थरांत साडेबावीस सेंटिमीटर उंची मिळते. आता चार विटा उभ्या करून चारही बाजूंच्या मध्यावर एकेक टेकवा. वीट उभी केली की तळाला १० × ७.५ सेंटिमीटर आणि उंची २३, म्हणजे बुरूज आयताच तयार. १० सेंटिमीटरची बाजू चौकाला चिकटवा.

उभी वीट बाहेरच्या बाजूला कलते, आणि इथेच बहुतेकांचा कोट फसतो. पूर्व, दक्षिण आणि पश्चिमेचे तीन बुरूज मधल्या विटांसकट सुतळीने बांधा: तळापासून ८ सेंटिमीटरवर दोन वेढे, १६ वर दोन. गाठ आतल्या कोपऱ्यात घ्या, म्हणजे गिलाव्यात लपेल. उत्तरेचा बुरूज सुतळीत घेऊ नका. तो आणि चौक यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा दुहेरी कागद घाला आणि बुरुजाच्या तळाला चिखलाची जाड टोपी द्या, तेवढ्यावर तो उभा राहतो. असं का, ते शेवटी.

गिलावा दोन हातांत द्या. पहिला अर्धा सेंटिमीटर, बोटांनी ओरखडे काढून. तो निम्मा वाळल्यावर दुसरा तेवढाच. एकदम जाड थापला तर वजनाने खाली सरकतो आणि कोटाचं पोट सुटतं.

खऱ्या कोटाच्या भिंती सुमारे साडेतीन मीटर जाड आहेत, तरी हा आराखडा लढाईसाठी फारसा शहाणपणाचा मानला जात नाही. बारा बाहेरचे कोपरे म्हणजे सुरुंग लावायला आणि पहारीने पोखरायला बारा जागा. शिवाय आतल्या बेचक्यांत शिरलेला शत्रू वरून नीट दिसत नाही. मग बांधला कशाला? नव्याने मुलूख मिळालेल्या सरदाराला आपलं बस्तान लांबून दिसायला हवं होतं. कोट म्हणजे त्याचा वाडा आणि कचेरीच होती, आणि बुरुजांत छोट्या-छोट्या खोल्या मिळत होत्या. पूर्वेच्या बुरुजात पहिल्या मजल्यावर कोटाचं दार आणि त्याच्या वर प्रार्थनाघर आहे. म्हणून प्रतिकृतीत दार जमिनीवर करू नका. पूर्वेच्या विटेवर तळापासून सात-आठ सेंटिमीटरवर कोरा आणि बाहेरून काड्यांचा जिना लावा.

एक बारकावा आवर्जून करा. हा कोट एका दमात झाला नाही. खालचा भाग ११७५ च्या आसपास सुरू झाला. ह्यू द लेसी ११८६ मध्ये डरो इथे दुसऱ्या किल्ल्याचं काम बघत असताना कुऱ्हाडीच्या घावाने मारला गेला. वरचे मजले त्याचा मुलगा वॉल्टर याच्या काळात चढले आणि १२०६ च्या सुमारास काम संपलं. या तारखा कागदांतून आल्या नाहीत, लाकडातून आल्या. बांधताना परांचीच्या आडव्या वाशांसाठी भिंतीत भोकं ठेवली होती, त्यांतल्या काहींत वाशांची टोकं तशीच राहून गेली. लाकडातल्या वर्षावळ्या मोजून झाड कधी तोडलं ते कळलं. तेव्हा गिलावा ओला असतानाच, दर चार सेंटिमीटर उंचीवर आगपेटीच्या काडीने भोकांची सरळ ओळ टोचा. आणि मध्याच्या थोडं वर सुरीच्या पात्याने एक आडवी रेघ मारा. खालचं काम बापाचं, वरचं मुलाचं.

माथ्यावर मधल्या चौकाच्या चार कोपऱ्यांत शाडूचे पाच सेंटिमीटरचे मनोरे बसवा. तटाच्या चर्या चौकोनी दाताच्या. आपल्याकडे पाकळीसारख्या टोकदार चर्या करायचा हात बसलेला असतो, त्या इथे शोभणार नाहीत. आणि तोफा नकोत. हा किल्ला बांधला तेव्हा त्या भागात तोफ पोचायला शंभराहून अधिक वर्षं होती. जंग्यांऐवजी बाण मारायच्या उभ्या फटी करा, आइस्क्रीमच्या काडीची कड दाबली की झाली.

तट आणि दोन दरवाजे

तटाचा आकार नीट चौकोन नाही. नदीच्या अंगाला बराचसा सरळ आणि दक्षिणेकडे बाक घेतलेला आहे. चुन्याच्या भुकटीने सुमारे ६ मीटर घेराची रेघ आखा, कोट आत मधल्या भागात येऊ द्या. रेघेवर ४ सेंटिमीटर खोल चर खणा, त्यात शहाबादीचे तुकडे उभे करा, दोन्हीकडून माती ठोकून बसवा. वर ११ सेंटिमीटर दिसेल. फरशीची गुळगुळीत बाजू आत आणि खडबडीत बाहेर, कारण बाहेरूनच गिलावा द्यायचा आहे.

दक्षिणेकडच्या तटावर इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे, मागून उघडे बुरूज आहेत. पाइपचे १६ सेंटिमीटरचे तीन तुकडे घेऊन उभे चिरा, सहा अर्धे मिळतील. पाच लावा, सहावा चिरताना फुटतोच. मागून उघडे ठेवण्यात हिशेब होता: शत्रूने बुरूज घेतला तरी आतल्या लोकांकडे पाठ करून त्याला आसरा मिळत नाही. पीव्हीसीवर चिखल मुळीच धरत नाही. पॉलिश पेपरने घासा, चिखलात बुडवलेली पोत्याची पट्टी गुंडाळा, सुतळी मारा, मग गिलावा.

पश्चिमेचा गावाकडचा दरवाजा खाली चौकोनी आहे आणि वर त्याचे कोपरे छाटलेले आहेत. वीट उभी करून वरच्या भागाचे कोपरे कानशीने घासले की जमतं. दक्षिणेचा ‘डब्लिन दरवाजा’ मात्र वेळ देऊन करा, सगळ्या कामात पाहण्यासारखा तोच. एकच गोल बुरूज, त्याच्या पोटातून वाट, आणि बुरुजापासून पुढे खंदकावरून गेलेला दोन भिंतींमधला बोळ. बोळाच्या तोंडाशी आणखी एक दार. पाइपचा १८ सेंटिमीटरचा अख्खा तुकडा उभा करा, समोर आणि मागे ५ सेंटिमीटर उंचीच्या कमानी कापा. पुढे १२ सेंटिमीटरचा बोळ फरशीच्या पट्ट्यांचा. आपल्या गोमुखी दरवाजात भिंतीला वळसा देऊन दार लपवतात. इथे दार पुढे ढकलून शत्रूला अरुंद बोळात कोंडतात. हेतू एकच, रांग मोडायची आणि वरून मारायचं. रायगडचा महादरवाजा पाहिलेल्या मुलांना हे दोन वाक्यांत समजतं.

उत्तरेला नदीच्या अंगाला लांबट दिवाणखाना. तो कोटाच्या नंतरचा, तेराव्या शतकातला. खाली होडीतून आलेला माल उतरवून घ्यायची सोय होती. चार विटा आडव्या लावा, वर पुठ्ठ्याचं उतरतं छप्पर, नदीच्या बाजूला एक बुटकं दार. एवढं पुरे.

पाणी, आणि ते बिघडवतं ते

खंदक ८ सेंटिमीटर रुंद, ६ खोल. तटाच्या बुडापासून किमान १० सेंटिमीटर लांब ठेवा. मुलांना तो तटाला चिकटून हवा असतो, पण मातीतून पाणी वर चढतं आणि दोन दिवसांत तटाचा पाया लोण्यासारखा होतो. तळाला आणि काठांना काळं प्लॅस्टिक अखंड घाला, जोड नको. काठावर ५ सेंटिमीटर वर घेऊन मातीखाली दाबा. तळावर बोटभर काळा चिखल पसरला की पाणी खोल दिसतं. निळा रंग टाकू नका, बॉइन काही निळीच्या पाण्याची नाही. पाणी संध्याकाळी भरायचं आणि रात्री कपड्याने टिपून काढायचं. साचू दिलं तर तिसऱ्या दिवशी त्यात डासांच्या अळ्या दिसतील.

तटाच्या आत हिरवळ हवीच. पाऊण सेंटिमीटर चाळलेली माती पसरून हळीव पेरा, पाच दिवस आधी. मोहरी उंच वाढते आणि कोट बुटका दिसतो. पाणी फवाऱ्याच्या बाटलीने द्या, तांब्याने ओतू नका. ऊन कमी पडलं तर रोप लांबट होऊन आडवं पडतं, म्हणून सकाळचं ऊन येईल अशीच जागा निवडा. मांजरांना ही मऊ, ओलसर माती फार आवडते. रात्री चार काठ्या लावून वरून जुनी साडी टाका.

रंगाला गेरू नको. गेरू लावला की ट्रिमचा वाडा होतो. दगड करडा चुनखडीचा आहे. भिजवलेला चुना १ वाटी, चाळलेली चुलीची राख २ वाट्या, मूठभर पोयटा, ताकासारखं पातळ. चुना लहान मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यांत गेला तर इजा करतो. मोठ्यांनीही हातमोजे घालावेत. गिलावा पुरता वाळल्यावरच रंग द्या, नाहीतर डाग पडतात. कोटावरच्या आडव्या रेघेखालचा भाग किंचित गडद ठेवा.

माणसं आणि पाटी

मावळे इथे पहाऱ्याला उभे करू नका, आणि महाराजांना तर द लेसीच्या अंगणात मुळीच बसवू नका. पण मुलं ऐकणार नाहीत, आणि दिवाळीचा किल्ला महाराजांशिवाय कसला? बाजूला, आठ फुटांच्या बाहेर, नेहमीसारखी एक टेकडी करा. डोंगरी आणि भुईकोट शेजारी-शेजारी दिसले की फरक आपोआप कळतो.

तटाबाहेर कुरणात कापडाचा एक तंबू ठोका. जुलै १२१० मध्ये इंग्लंडचा राजा जॉन ट्रिमला आला. वॉल्टर द लेसीशी त्याचं बिनसलं होतं, आणि त्याचा मुक्काम किल्ल्यात नाही, बाहेरच्या कुरणात पडला. तरीही लोक या किल्ल्याला ‘किंग जॉनचा किल्ला’ म्हणत आले. पाहुण्यांना सांगायला तंबूइतकी सोपी गोष्ट दुसरी नाही.

पाटीवर पाच ओळींच्या वर काही लिहू नका, लोक उभ्यानेच वाचतात. गाव आणि नदी, ११७२ चा लाकडी कोट, ११७३ ची आग, १२०६ च्या सुमारास पुरा झालेला दगडी कोट, १२२४ चा सात आठवड्यांचा वेढा. ‘हे चर्च आहे का?’ असं दहातले चार जण विचारणार. त्यांना पूर्वेच्या बुरुजातलं प्रार्थनाघर दाखवा आणि बाकीचा वाडा आहे म्हणून सांगा. शाळेतलं कुणी आलं तर पंधराव्या शतकात इथे टांकसाळ होती आणि पार्लमेंटही भरत असे, हे सांगायला ठेवा. पुढे किल्ला ओस पडत गेला. १९९३ मध्ये आयर्लंड सरकारने तो विकत घेतला आणि डागडुजी करून २००० मध्ये लोकांसाठी उघडला.

पणत्या तटावर नकोत. तेल ओघळून करड्या रंगावर काळे डाग पडतात, आणि पाइपांना गुंडाळलेलं पोतं आतून वाळलेलं असतं, ते पेट घेतं. आत हिरवळीत फरशीच्या तुकड्यांवर ठेवा. कोटात सुतळी बॉम्ब लावायची कल्पना कुणाला तरी सुचतेच. फटाके दहा फुटांपलीकडे, हा नियम पहिल्या दिवशीच सांगून टाका.

आता उत्तरेचा बुरूज. आज ट्रिमला चारपैकी तीनच बुरूज उभे आहेत, उत्तरेचा नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे ओसरले की, त्या बुरुजाच्या तळाची चिखलाची टोपी सुरीने कापा आणि वीट दोन्ही हातांनी हळूच बाहेर ओढा. मधे कागद असल्यामुळे ती अख्खी निघते आणि चौकाच्या भिंतीवर तिचा ठसा राहतो. फोटो काढायचे असतील तर उत्तर-पूर्वेकडून, सकाळी आठच्या आत. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडताना चुन्याचा रंग लागलेला वरचा पापुद्रा आधी खरवडून वेगळा काढा. आतली माती कुंड्यांना चालते, विटा धुऊन माळ्यावर, आणि पाइपचे तुकडे सांभाळून ठेवा, पुन्हा चिरायला नकोत.